चापाचं पोट

मारोतराव गेल्याची बातमी मला सौंसरच्या बसस्टँडवर कळली, आणि माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. पांढुर्ण्याच्या गाडीतून एक ओळखीचे कापड दुकानदार उतरले. मला पाहून थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा पेटीवाला गेला ना." त्यातल्या ‘तुमचा’वर त्यांनी थोडा जोर दिला, तो मला कळला. पण मी विचारलं ते वेगळंच. कोणी सांगितलं, कुठे गेले, तुम्ही स्वतः पाहिलं का... दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिले. "मास्तर, मयतीचीबी साक्ष पाहिजे का तुमाले?" ते म्हणाले, आणि पिशवी उचलून निघून गेले.

त्यांना कसं सांगणार, की मारोतराव याआधीही एकदा ‘गेला’ होता. म्हणजे फार आजारी पडला होता, नागपूरच्या दवाखान्यात भरती होता, अशी हवा त्यानं स्वतःच उठवली होती. शटर ओढून तो दुकानाच्या माडीवर खिडकीची फळी किंचित किलकिली करून बसला. आपण नसताना दुकानाभोवती कोण घुटमळतं, फटीतून आत कोण डोकावतं, ते त्याला पाहायचं होतं. मी मात्र खरंच घाबरून शटर वाजवलं. वरून आवाज आला, "मागून ये, पुस्तक्या." माडीवर तो थाटात खारे दाणे खात बसला होता. मी विचारलं, कोण कोण आलं? त्याचा चेहरा उतरला. "कोनीच नाही आलं," तो म्हणाला. चोर आले असते तर त्याला एवढं वाईट वाटलं नसतं. मी म्हणालो, मी आलो की. "तुले मोजत नाही," तो म्हणाला आणि दाण्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला.

त्याचं दुकान बाजारातल्या पेट्यांच्या ओळीत होतं. पत्र्याच्या काळ्या, निळ्या, हिरव्या पेट्या एकावर एक रचलेल्या, दारात ओल्या रंगाचा वास, आणि आत रस्त्याकडे पाठ करून बसलेला मारोतराव. समोरच्या भिंतीवर त्यानं न्हाव्याच्या दुकानातला एक लांबट आरसा लावला होता. पाठीमागून कोण आलं, ते त्याला मान न वळवता त्यात दिसायचं. आम्ही पांढुर्ण्याच्या एकाच शाळेत शिकलो. तो मध्येच शाळा सोडून बापाच्या धंद्यात गेला, मी शिकत शिकत त्याच शाळेत मास्तर झालो. संध्याकाळी शाळा सुटली की मी त्याच्या दुकानात जाऊन बसत असे. तिथे नागपूरचा मराठी पेपर यायचा. मी वाचायचो, तो हातोडी खाली ठेवून ऐकायचा आणि प्रत्येक बातमीनंतर म्हणायचा, "हे यानं काहून सांगतलं असंल?" बातमी खरी की खोटी, याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नसे. ती देणाऱ्याचा त्यात काय मतलब, हे त्याला हवं असे. लोकांसमोर तो मला मास्तर म्हणायचा. आम्ही दोघंच असलो की पुस्तक्या.

चापाची गोष्ट एका फौजीपासून सुरू झाली. जवळच्याच खेड्यातला हा शिपाई सुटी संपवून परत जाताना मारोतरावाकडून काळी पेटी घेऊन गेला. बसच्या टपावर दोरानं बांधलेली ती पेटी नागपूरच्या रस्त्यावर कुठेतरी धक्क्यानं उघडली. कुलूप शाबूत राहिलं, पण कोयंडाच उपटून आला. वर्दी, घोंगडी, आईनं दिलेली लोणच्याची बरणी, सगळं रस्त्यावर. पुढच्या सुटीत तो आला आणि भर बाजारात दुकानासमोर उभा राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगू लागला, "याची पेटी घ्याल तं सोबत एक मानूस घ्या, सामान वेचाले." बाजार हसला. मारोतराव हसला नाही. त्यानं फौजीला नवी पेटी दिली, त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर मला म्हणाला, "कुलूप चोरासाठी असते. रस्त्यासाठी काय हाये?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याला बरीच वर्षं लागली. पेटीभोवती निवारीचा पट्टा बांधायचा, इथपर्यंत कोणालाही सुचेल. पण पट्ट्याला कमरपट्ट्यासारखं बक्कल लावलं तर ते भोकांच्या हिशेबानं बसतं. या भोकात ढिलं, पुढच्या भोकात बसतच नाही. दोराची गाठ धक्क्यानं सैल होते. त्याला असं काहीतरी हवं होतं, की पट्टा हातानं ओढावा, जिथे कसला जाईल तिथेच तो अडकावा, आणि गाडीनं जितका हिसका द्यावा तितका घट्ट व्हावा. शेवटी त्यानं ते केलं. तळहातावर मावेल अशी लोखंडी पट्टी, तिच्यावर एक छोटी दांडी, आणि आत झाकलेला तिरपा दात. पट्टा आतून घालून ओढला की दात त्याला धरायचा. सुटायचा तो फक्त दांडी अंगठ्यानं वर उचलली तरच. त्याला तो ‘चाप’ म्हणायचा. आतल्या भागाला, जिथे दात आणि स्प्रिंग असायची, तो ‘चापाचं पोट’ म्हणायचा. त्या पोटावर तो पत्र्याचं झाकण ठेवून रिबिट ठोकायचा. फोडल्याशिवाय ते उघडत नसे, आणि फोडलं की आतलं वाकून जात असे.

चाप झाला आणि मुळातच संशयी असलेला हा माणूस पार हाताबाहेर गेला. पट्टी एकाकडून कापून घ्यायची, दांडी दुसऱ्याकडून वाकवून घ्यायची, म्हणजे कोणाला अख्खी वस्तू कळायला नको. स्प्रिंग छत्री दुरुस्त करणाऱ्याकडून येई, आणि त्याला सांगितलेलं असे की मीनाच्या खेळण्यासाठी हवी आहे. मीना, त्याची एकुलती एक लेक, तोवर कॉलेजात जाऊ लागली होती. छत्रीवाला एकदा मला म्हणाला, "मास्तर, पोरगी मोठी झाली, पन खेळनं काई सुटत नाही बाप्पा तिचं." मी त्याला सरकारदरबारी नोंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे म्या कागदावर लिहून देऊ, का चोरी कशी करा लागते ते?" रिबिट ठोकायची वेळ आली की तो दुकानातून सगळ्यांना बाहेर काढायचा. गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला, एकदा तर बापड्या पुतण्यालाही. मला मात्र कधी उठवलं नाही. मी पेपर वाचत बसलेला असायचो आणि माझ्यासमोर चापाचं पोट उघडं पडलेलं असायचं. खरं तर मी नीट पाहिलंही नव्हतं कधी. लोखंडातलं मला काय कळतं...

मीनाची आई ती लहान असतानाच वारली होती. मारोतरावानं तिला एकट्यानं वाढवलं आणि तिच्यासाठी स्थळ पाहताना ज्या चौकशा केल्या, त्यांना तर सीमाच नव्हती. शेवटी मोहगावचं घर पसंत पडलं. सासरे संत्र्याचे व्यापारी, बाग विकत घेऊन माल बाहेर पाठवणारे, मुलगा सरळ. लग्नाच्या दिवशी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आंदणाचं सामान मांडवात मांडलं होतं. कपाट, पलंग, भांडी, आणि मधोमध मारोतरावानं स्वतः केलेली पेटी. असली पेटी त्यानं आधी कधी केली नव्हती, पुढेही केली नाही. गडद निळा रंग, कोपऱ्यांना पितळी पत्रे, भोवती दोन पांढरे पट्टे आणि दोन चकचकीत पितळी चाप. वऱ्हाडी येत होते, भांडी वाजवून पाहत होते, पलंगावर बसून पाहत होते, आणि पेटीजवळ थांबून चापाची दांडी वर-खाली करत होते. बायका, पोरं, व्याह्यांकडचे झाडून सगळे. आणि ज्या माणसानं पुतण्याला दुकानाबाहेर काढलं होतं तो बाजूला उभा राहून सांगत होता, "ओढून पाहा, पाव्हने. जोरानं ओढा. बिंदास." दिवसभर. आंदण म्हणजे दाखवायचीच वस्तू. तिथे लपवणं त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि मलाही सुचलं नाही, की आज सगळ्या तालुक्यासमोर हा उघडा बसला आहे.

पुढच्या संत्र्याच्या हंगामापर्यंत नागपूरच्या बाजारात तसेच चाप आले. पातळ पत्र्याचे, ओबडधोबड, पण पोट तेच. मग ते छिंदवाड्यात आले, सौंसरला आले, आणि एका दिवशी मारोतरावाच्याच समोरच्या दुकानात टांगलेले दिसले. त्याच सुमाराला दिवाळी होती. मीनाला पहिल्या दिवाळीला आणायला तो मोहगावला गेला आणि तिला घेऊन परत आला. सण झाला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा मी दुकानात गेलो. आत चार माणसं होती, शेजारचे दोघं दारात उभे होते. मी पेपर उचलला. मारोतराव आरशाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसला होता. तसा तो कधी बसत नसे. आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "चापाचं पोट या दुनियेत दोघायनंच पाह्यलं. एक मी, आन् दुसरा हा. मी तं नागपूरले जात नाही. हा दर महिन्याले जाते. पुस्तकं आनाले."

मी पेपरची घडी केली, जिथे होती तिथे ठेवली आणि बाहेर आलो.

गावात बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आमच्या घरात फार बोलणं झालं नाही. बायको एवढंच म्हणाली, "तुमी एकदा तोंडानं ‘नाही’ म्हनून काहून नाही आले?" तिचं बरोबर होतं. पण मी त्या माणसाला वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. जो ‘नाही’ म्हणतो त्याच्यावर त्याचा संशय दुप्पट होई. मग लोक बोलू लागले. शाळेत एक सहकारी डबा खाताना म्हणाले, काय मास्तर, नव्या घराचं काम कधी काढता? पेटीवाल्यांच्या ओळीतून गेलो की हातोड्या थांबायच्या. वाईट याचं वाटत होतं, की हळूहळू मीही तसाच होत चाललो. छत्रीवाल्याकडे मी संशयानं पाहू लागलो. पत्रा कापणारा, दांडी वाकवणारा, तो पुतण्या... नागपूरला गेलो की पुस्तकांच्या दुकानाऐवजी पट्टे विकणाऱ्यांकडे जाऊन उभा राहायचो. हा चाप कोण बनवतं, कोणी आणून दिला, कधीपासून येतो. एका दुकानदारानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "साहेब, बिल हाये आमच्याकडे सगळं." तो मला कर वसूल करणारा समजला होता. मी हसलो आणि बाहेर येऊन फुटपाथवर थांबलो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी रस्त्याकडे पाठ करून, समोरच्या दुकानाच्या काचेत मागची माणसं पाहतो आहे. त्यानंतर तो शोध मी सोडला.

निवृत्तीनंतर मुलानं सौंसरला घर बांधलं आणि आम्ही इकडे आलो. मारोतराव अधूनमधून एखाद्या लग्नात दिसायचा. पंगतीत समोर आला तर मान खाली घालून जेवायचा. चापाचा धंदा त्याचा चाललाच नाही. पण पेट्याही कोण घेतं आता... ज्याला त्याला चाकांची बॅग. ते चाप मात्र सगळीकडे आहेत. ट्रकवर, मोटरसायकलच्या मागे, मंडप बांधणाऱ्यांकडे. जामसांवलीच्या हनुमानाला शनिवारी गेलं तर बाहेर उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांवर दिसतील. कोणाचा चाप कोणता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

तर, तेरवीला मी गेलो. बायको म्हणाली, जा, नाहीतर तेही लोकांच्या तोंडी होईल. दुकानासमोरच मांडव घातला होता. आतल्या पेट्या पुतण्यांनी मागे सारल्या होत्या. मी एका खुर्चीवर बसलो. माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या बराच वेळ रिकाम्या राहिल्या. मग मीना आली. केस पिकायला लागलेली, बापासारखाच चौकोनी चेहरा. "काका, जरा मागे येता का," ती म्हणाली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं मला एका उलट्या पेटीवर बसवलं, दार लोटलं, पुन्हा उघडून बाहेर पाहिलं, पुन्हा लोटलं. मग तिनं जे सांगितलं ते शक्य तितकं तिच्याच शब्दांत लिहितो.

लग्नाच्या वेळी मारोतरावानं तिच्या पेटीच्या चापांना रिबिट ठोकलं नव्हतं. "स्क्रू लावले होते, काका. मले म्हने, स्प्रिंग नरम झाली तं तू कोनाकडे जाशील? स्क्रू खोल, बदलव, झालं." लग्नानंतर थोड्याच दिवसांनी सासऱ्यांनी चापासकट एक पट्टा मागितला. संत्र्याच्या पेट्या गाडीवर बांधायला पाहिजे, म्हणाले. तिनं काढून दिला. नव्या सुनेनं नाही तरी कसं म्हणावं? आणि आंदणात आलेली वस्तू त्या घराचीच होती. तो पट्टा परत आला नाही. दिवाळीला बाप तिला न्यायला आला तो सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी, आणि मागच्या दारानं. लेकीला सासरी कसं ठेवतात हे पाहायचं म्हणून तो नेहमीच असा अवचित यायचा. मागच्या अंगणात मालानं भरलेली गाडी उभी होती आणि तिच्यावर सगळीकडे तेच पत्र्याचे चाप. मीना ओसरीवरून पाहत होती. बापानं एका चापाची दांडी अंगठ्यानं उचलली, खाली सोडली. पुन्हा उचलली. तेवढ्यात सासरे बाहेर आले आणि जागीच थबकले. म्हणाले, "काय पाहून राहिले, व्याही?"

"पट्टा ढिल्ला होता," बाप म्हणाला. "कसून देला."

मग तो आत आला, चहा प्याला, संत्री कशी आहेत यंदा, ते विचारलं. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन बसमध्ये बसला. सौंसरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "पोरी, तू काही पाह्यलं नाही. म्याबी नाही." मीना रडत होती. बाबा, पट्टा मीच दिला, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, सासऱ्यानं मागितला, तू दिला, त्यात तुझं काय? मग तिनं विचारलं, की पांढुर्ण्यात तर सगळे विचारतीलच, चाप कोणी दिला म्हणून. लोक शोधत शोधत मोहगावला येतील. आणि सासऱ्यांनी तुम्हाला चाप उचलताना पाहिलं आहे. तुम्ही काय म्हणता याच्याकडे त्यांचे कान लागलेले असतील. मग माझं काय होईल?

"मास्तर हाये ना," बाप म्हणाला.

बाहेर कोणीतरी भांडी सरकवत होतं. मी विचारलं, अजून काही म्हणाला का? ती म्हणाली, "मीबी तेच विचारलं. का बाबा, त्यायचं काय होईल? तं म्हने, त्याले कायी होत नाही. तो पुस्तकात मुंडी घालून बसते. आन् त्याची पोरगी कोनाच्या घरात नाही." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, की हे दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर टाकलं असतं, तर तो ओरडला असता, शोध घेत फिरला असता.

त्या उलट्या पेटीवर बसून मला काय वाटलं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. सगळ्यात आधी आला तो संशयच. मीना हे आजच का सांगते आहे? बाप गेला, जुनं वैर मिटावं, म्हाताऱ्या मास्तराला बरं वाटावं, म्हणून रचलेलं तर नाही? मारोतरावाच्या शेजारी इतकी वर्षं बसून पेपर वाचल्याचा हा परिणाम. हे हिनं का सांगितलं असेल... मग मला आम्ही पांढुर्णं सोडलं तो दिवस आठवला. टेम्पोवर सामान चढलं होतं, माझ्या पुस्तकांची पेटी सर्वांत वर. मारोतराव अचानक आला. कोणाशी बोलला नाही. टेम्पोवर चढला, पुस्तकांच्या पेटीभोवती पट्टा टाकला, आणि खिशातून एक चाप काढला. नवा, मी न पाहिलेला. त्याला झाकणच नव्हतं. सगळं पोट उघडं. माझ्याच डोळ्यांसमोर त्यानं तो लावला, हिसका देऊन पाहिला आणि खाली उतरताना म्हणाला, "घे. हेबी घेऊन जाय नागपूरले." हमाल हसले होते. मी तो टोमणा म्हणूनच घेतला आणि घरी आल्यावर चाप काढून माळ्यावर टाकून दिला. पण ज्यानं एकदा चोरी केली असं आपण खरंच मानतो, त्याच्यासमोर कोणी दुसऱ्यांदा तिजोरी उघडतं का? तरीही, एका आठवणीवर किती विसंबायचं... तो टोमणाही असू शकेल. ज्याला जसं हवं तसं तो वाचू शकतो.

मी मीनाला म्हणालो, तुझ्या बापाबद्दल मला लिहावंसं वाटतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ते थेट बापाच्याच नजरेनं. "काय लिहाल?" मी म्हणालो, नावं बदलून. "गावबी बदला." बदलतो. "धंदाबी." बदलतो. "आमच्या घरी हिंदी पेपर येते," ती म्हणाली, "तरी बदला." म्हणून या लेखात मी तिचं ऐकलं आहे. मारोतराव हे त्याचं नाव नव्हे, मोहगाव ते गाव नव्हे आणि संत्री ती संत्री नव्हेत. तेवढ्यात बाहेरून हाक आली, पंगत बसते आहे. मीनानं पदर सारखा केला, दार उघडलं. जाता जाता खाली पाहून म्हणाली, "माह्या लेकीचं लग्न हाये औंदा, काका. सासरेच पाहून राहिले सारं."

पंगतीत माझ्या शेजारी कोणी बसेना. मग एक उंच, वाकलेले म्हातारे काठी टेकत आले आणि माझ्याच शेजारी बसले. मीनाचे सासरे. लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आज. त्यांनी पत्रावळीवर पाणी फिरवलं, इकडची-तिकडची चौकशी केली. सौंसरला बरं आहे का, मुलगा काय करतो... भात आला. वरण आलं. त्यांचा हात पत्रावळीवर नुसताच होता. मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "मास्तर, आता तं ते गेले. एक खरं सांगा. तो चाप तुमीच देला होता ना?"

समोरच्या ओळीत मीना बुंदीची परात घेऊन वाढत होती. ती थांबली नाही, पण तिचा हात एकाच पत्रावळीवर रेंगाळला.

त्यांनी काय विचारलं, ते मला समजलं. मी नाही म्हणालो असतो, तर त्यांना पुढचा प्रश्न पडला असता. मग कोणी, हे याला ठाऊक आहे का? मारोतरावाला ठाऊक होतं का? मीनाला? आज मागच्या खोलीत ती याच्याशी इतका वेळ काय बोलत होती? आणि त्या प्रश्नासह ते तिच्याच घरी परत जाणार होते, तिच्याच हातचं जेवणार होते. इतकी वर्षं हा प्रश्न मला अनेकांनी विचारला होता, आडून, हसून, थेट. मी कधीच उत्तर दिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "मीच देला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांमधून काहीतरी खाली उतरलं. लांबचा रस्ता चालून आलेला माणूस ओझं खाली ठेवतो, तसे ते पाठीनं सैल झाले. शेजारी बसलेलाच चोर आहे हे ज्याला नव्यानं कळतं, तो इतका हलका होत नाही. त्याला तर राग यायला हवा. त्या एका क्षणी मला कळलं, की मीना खरं बोलली होती, आणि मारोतरावही बसमध्ये खरंच तसं म्हणाला होता. "जाऊ द्या," व्याही म्हणाले. "मारोतरावनं माफ केलं असंल तुमाले. मोठ्या मनाचा मानूस." आणि ते जेवू लागले. भुकेल्यासारखे जेवले.

बुंदी घेऊन मीना आमच्या ओळीत आली. सासऱ्यांना तिनं एक मूठ वाढली. माझ्या पत्रावळीसमोर आली, वाकली, एक मूठ घातली, मग दुसरी. "बस, पोरी," मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. पत्रावळीवर ढीग झाला, तरी ती मान खाली घालून वाढतच होती.